पाचव्या महिन्यात श्वासपटलाच्या हर्नियाचे निदान : बाळाच्या जगण्याचा आकडा कितपत विश्वासार्ह असतो?

कयाधूकाठ (हिंगोली)

नमस्कार मंडळी. माझ्या भावजयीला 22 वा आठवडा चालू आहे. गेल्या आठवड्यात नांदेडला पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. बाळाच्या छाती आणि पोटामधला पडदा, म्हणजे श्वासपटल, डाव्या बाजूला पूर्ण तयार झालेला नाही आणि जठर व आतडी छातीत चढली आहेत, असे तिथे सांगण्यात आले. यकृत खालीच आहे, असे अहवालात लिहिले आहे. शिवाय ‘ओ बाय ई एलएचआर 33 टक्के’ असा एक आकडा त्यात आहे.

त्यानंतर आम्ही तीन डॉक्टरांना भेटलो. पहिल्यांनी बाळ वाचण्याची शक्यता 50 टक्के सांगितली. दुसरे म्हणाले की त्यांच्याकडे येणाऱ्या अशा दहा बाळांपैकी सात घरी जातात. तिसऱ्यांनी आकडा सांगण्यास नकार दिला आणि जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी काय ते कळेल, एवढेच सांगितले. तिघेही आपुलकीने बोलले, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. परंतु माझा भाऊ रात्र रात्र मोबाइलवर शोधत बसतो आणि सकाळी नवा आकडा घेऊन उठतो, तर भावजयीने काही विचारणेच सोडून दिले आहे.

एकाच अहवालावरून तीन उत्तरे कशी निघतात? हे भाकीत नेमके कशाच्या आधारे करतात, आणि घरच्यांनी त्या आकड्याचे काय करायचे असते?

नवजात_कक्ष (लातूर)

ताई, मी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात काम करतो. अहवाल प्रत्यक्ष पाहिलेला नसल्यामुळे आपल्या बाळाविषयी मी मत देणार नाही, पण भाकीत कसे करतात ते सांगतो.

गर्भाच्या 8 ते 10 आठवड्यांच्या दरम्यान श्वासपटल मिटून पूर्ण व्हायला हवे. ते मिटले नाही, तर पोटातले अवयव वर सरकतात आणि ज्या काळात फुफ्फुसांनी वाढायचे, त्याच काळात त्यांची जागा अडते. फुफ्फुस लहान राहते आणि त्यातील रक्तवाहिन्याही कमी व जाड भिंतींच्या राहतात. त्यामुळे जन्मानंतर फुफ्फुसातला रक्तदाब चढलेला राहतो. छिद्र शिवता येते, पण न वाढलेले फुफ्फुस शिवल्याने वाढत नाही, म्हणून सगळे भाकीत छिद्रावर नव्हे तर फुफ्फुसावर बेतलेले असते.

छिद्र डावीकडे असेल, तर उजव्या फुफ्फुसाचे क्षेत्रफळ हृदयाचे चारही कप्पे दिसतात त्या पातळीवर मोजतात आणि त्याला डोक्याच्या घेराने भागतात. हे गुणोत्तर, म्हणजे एलएचआर, 1996 पासून वापरात आहे. त्यात एक अडचण होती. आठवडे वाढतात तसे फुफ्फुस डोक्याच्या मानाने कितीतरी झपाट्याने वाढते, त्यामुळे 22 व्या आणि 32 व्या आठवड्यातले आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नसत. म्हणून 2007 नंतर त्याच आठवड्याच्या निरोगी गर्भात जे गुणोत्तर अपेक्षित असते, त्याच्या किती टक्के या बाळात आहे, असे पाहू लागले. आपला ‘ओ बाय ई’ 33 हा आकडा तो आहे. ती जगण्याची टक्केवारी नव्हे. अनेक कुटुंबे नेमकी इथे गोंधळतात आणि 33 टक्केच आशा आहे असे समजून खचतात.

साधारणपणे 25 पेक्षा कमी असेल तर तीव्र आणि 25 ते 35 असेल तर मध्यम मानतात. 35 ते 45 मध्ये यकृत छातीत चढलेले असेल तर मध्यम आणि खाली असेल तर सौम्य धरतात. या मध्यम गटावर झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. त्यात नेहमीचे उपचार मिळालेल्या बाळांपैकी निम्मी वाचून घरी गेली. पहिल्या डॉक्टरांचा 50 चा आकडा बहुधा तिथून आला असावा. परंतु त्या चाचणीतली बाळंतपणे अशा आजाराचा सराव असलेल्या मोठ्या केंद्रांत ठरवून झालेली होती, हे त्या आकड्याबरोबरच सांगितले गेले पाहिजे.

सिंदफणा (बीड)

म्हणजे हा आकडा एकट्या बाळाचा नसून बाळ आणि त्याचा जन्म होतो ते ठिकाण या दोघांचा मिळून आहे, असे समजावे का?

नवजात_कक्ष (लातूर)

होय, अगदी तसेच समजावे.

गणिती_मन (छत्रपती संभाजीनगर)

मी डॉक्टर नाही, आरोग्यविषयक आकडेवारीचे काम करतो. दुसऱ्या डॉक्टरांचा ‘दहापैकी सात’ हा आकडाही खरा असू शकतो, आणि तरीही तो पहिल्या आकड्याच्या विरोधात जात नाही. हे समजण्यासाठी मनाने धरलेले एक उदाहरण घेऊ. यातले आकडे केवळ हिशेबासाठी आहेत.

समजा, सोनोग्राफीत हा आजार आढळलेले 100 गर्भ आहेत. त्यांपैकी 10 जन्मापर्यंत पोचले नाहीत. 30 बाळे जन्मल्या ठिकाणी किंवा वाटेत दगावली. 60 बाळे शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात आली, त्यांतली 12 स्थिर झाली नाहीत, 48 जणांची शस्त्रक्रिया झाली आणि 43 घरी गेली. आता शस्त्रक्रिया करणारे सर्जन म्हणतील की आमच्याकडे 90 टक्के बाळे वाचतात. अतिदक्षता विभागाचे प्रमुख 72 टक्के म्हणतील. ज्यांनी सोनोग्राफी केली, ते 43 टक्के म्हणतील. कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येकाने भागताना खाली वेगळी संख्या घेतली आहे.

मायकल हॅरिसन या अमेरिकी बालशल्यचिकित्सकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1978 साली नेमके हेच दाखवले होते. मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचण्याआधीच जी बाळे जातात, त्यांना त्यांनी ‘छुपी मृत्युसंख्या’ असे नाव दिले. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत ही छुपी संख्या मोठी असणार, कारण बालशल्यचिकित्सक मोजक्याच शहरांत आहेत आणि किनवट, माहूर, भूम, परांडा अशा तालुक्यांतून तिथवर पोचण्यातच बाळाच्या आयुष्याचे पहिले काही तास जातात. इतक्या तासांनंतर जे बाळ जिवंत पोचते, ते मुळातच बऱ्या फुफ्फुसाचे असते. अशा ठिकाणचा जगण्याचा दर चांगला दिसला, तर त्याचे थोडे श्रेय रस्त्याने केलेल्या क्रूर निवडीला जाते.

म्हणून ताई, डॉक्टरांना ‘किती टक्के’ असे न विचारता ‘कितींपैकी किती, आणि ती बाळे जन्मली कुठे’ असे विचारावे.

पाटोद्याची_आशा (बीड)

वरचा प्रतिसाद वाचला आणि एक बाळ आठवले. आमच्या गावातली एक मुलगी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला, कोयत्यावर गेली. उचल घेतलेली होती, त्यामुळे गरोदर असूनही टोळी सोडून मागे राहणे शक्य नव्हते. तिचा पाचवा महिना फडातच गेला. परत आली तेव्हा आठवा सरत आला होता. मी तिला सोनोग्राफीला नेले, पण तोवर दिवस भरत आल्याने फक्त बाळाचे ठोके, पाणी आणि वजन पाहिले गेले.

बाळंतपण जवळच्या दवाखान्यात झाले. बाळ वजनाने चांगले होते, पण रडले नाही, निळे पडू लागले आणि त्याचे पोट खपाटीला गेलेले होते. नवजात बाळाचे पोट तसे मी कधी पाहिले नव्हते. तिथल्या सिस्टरने शिकवल्याप्रमाणे तोंडावर मास्क धरून पिशवीने श्वास दिला, तो देत असतानाच बाळ अधिक निळे होत गेले. 108 आली, आम्ही निघालो आणि वाटेतच सगळे संपले. छातीचा एक्स-रे झालाच नाही. नोंद ‘जन्मतः श्वास गुदमरणे’ अशी झाली. पुढे एका प्रशिक्षणात या आजाराचे वर्णन ऐकले, तेव्हा ते पोट माझ्या डोळ्यांसमोर आले. तोच आजार होता असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तोच असेल, तर ते बाळ कोणत्याही डॉक्टरांच्या 100 मध्ये धरलेले नाही.

नवजात_कक्ष (लातूर)

आशाताई, त्या सिस्टरने जे केले, ते न रडणाऱ्या इतर जवळजवळ प्रत्येक बाळासाठी योग्यच ठरले असते, हे तिला अवश्य सांगा. या एका आजारात मात्र मास्कने दिलेली हवा छातीत चढलेल्या जठरात व आतड्यांत शिरते, ती फुगतात आणि उरलेसुरले फुफ्फुसही दाबतात. म्हणून निदान आधी झालेले असेल, तर जन्मताच मास्क न वापरता थेट श्वासनलिकेत नळी घालतात आणि जठरातली हवा काढण्यासाठी दुसरी नळी टाकतात. व्हेंटिलेटरही हलक्या हाताने चालवतात. उजव्या हातावर ऑक्सिजन 80 ते 95 टक्क्यांच्या दरम्यान राहिला आणि कार्बन डायऑक्साइड थोडा चढा राहिला, तरी तो खपवून घेतात, कारण आकडे सुंदर दिसावेत म्हणून जोराने दाब दिला, तर नाजूक फुफ्फुस फाटते.

खपाटीला गेलेले पोट, उजवीकडे सरकलेले हृदयाचे ठोके आणि श्वास घेताना होणारी ओढाताण या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर श्वासपटलाचा विचार मनात यायलाच हवा. प्रसूतिकक्षातल्या प्रत्येक सिस्टरला हे ठाऊक असावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

तेरणेची_लेक (धाराशिव)

माझा मुलगा हा आजार घेऊन जन्मला. आता तो दुसरीत आहे. त्याचेही निदान आधी झाले नव्हते. सुदैवाने दवाखान्यातल्या डॉक्टरांना ठोके उजवीकडे लागल्याची शंका आली, त्यांनी एक्स-रे काढला आणि नळी घालूनच आम्हाला पुढे पाठवले.

पुढच्या दवाखान्यात माझ्या सासऱ्यांचा सगळ्यांत मोठा संताप असा होता की छिद्र दिसत असताना ऑपरेशन का करत नाहीत. तीन दिवस बाळ तसेच व्हेंटिलेटरवर होते. आमच्याकडे पैसे नाहीत म्हणून टाळाटाळ करतात, असेही नातेवाईक म्हणू लागले. चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. बाळ स्थिर होण्याआधी घाई केली असती तर ते टेबलावरच गेले असते, हे मला फार नंतर समजले. हे कोणीतरी पहिल्याच दिवशी समजावून सांगितले असते, तर दवाखान्याच्या व्हरांड्यातले ते भांडण टळले असते.

आम्हाला पहिल्या रात्री ‘आशा फार थोडी आहे’ असे सांगण्यात आले होते. म्हणून ताई, आकड्यावर फार विसंबू नका.

बालाघाट (बीड)

धाराशिवच्या ताई, तुमच्या मुलाला उदंड आयुष्य लाभो. परंतु एक गोष्ट नम्रपणे मांडतो. ज्यांची बाळे वाचली, ते अशा धाग्यांवर लिहितात. ज्यांची गेली, ते बहुधा लिहीत नाहीत. आमचे बाळ 19 तास जगले. आम्हालाही अनेकांनी त्या वेळी वाचलेल्या मुलांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्या गोष्टींमुळे आम्ही मनाची कोणतीच तयारी केली नाही आणि पत्नीने बाळाला एकदाही मांडीवर घेतले नाही, कारण ते बरे होऊन घरीच येणार आहे, असे आम्ही धरून चाललो होतो. आकडा कमी असेल तर तो ऐकण्याचाही काही उपयोग असतो.

तेरणेची_लेक (धाराशिव)

दादा, तुमचे म्हणणे मला मान्य आहे. मी माझे वाक्य मागे घेते. आकडा ऐकावा, पण तो शेवटचा शब्द नव्हे, एवढेच मला म्हणायचे होते.

दुधना (जालना)

माझे मत वेगळे आहे. पोटुशी बाईला टक्केवारी सांगूच नये. तिला काळजी करण्यापलीकडे त्या आकड्याचे काहीच करता येत नाही. घरातल्या एकाने सर्व ऐकावे आणि तिच्यापर्यंत फक्त पुढे कुठे जायचे एवढे पोचवावे.

मन्याड (नांदेड)

दुधना यांच्या भावनेचा आदर आहे, पण हे मत मला पटत नाही. शरीर तिचे आहे आणि कायद्याच्या दृष्टीने संमतीही तिचीच लागते. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि त्यानंतर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपाताची परवानगी मिळू शकते. कोणता मार्ग योग्य, हे मी सांगत नाही. अनेक कुटुंबे बाळ ठेवण्याचाच निर्णय घेतात आणि तो पूर्णपणे रास्त आहे. पण 22 व्या आठवड्यात असलेल्या स्त्रीपासून माहिती लपवणे म्हणजे तिच्या वतीने निर्णय घेऊन टाकणेच होय. भावजय विचारत नाही, याचा अर्थ तिला जाणून घ्यायचे नाही, असा होतोच असे नाही.

नवजात_कक्ष (लातूर)

मन्याड यांच्याशी मी सहमत आहे. त्यात एक भर घालतो : निर्णयाआधी बाळाच्या हृदयाची स्वतंत्र तपासणी आणि गुणसूत्रांची चाचणी यांविषयी जरूर विचारा. हर्नियाबरोबर हृदयाचा मोठा दोष किंवा गुणसूत्रांचा दोष असेल, तर 33 असो वा 43, सगळे चित्रच बदलते. केवळ हर्निया असलेल्या बाळाचे भाकीत त्या मानाने पुष्कळ बरे असते.

सिंदफणा (बीड)

गर्भातच बाळाच्या श्वासनलिकेत फुगा बसवतात, असे वाचनात आले. त्याचा उपयोग या बाळाला होईल का?

नवजात_कक्ष (लातूर)

श्वासनलिका फुग्याने बंद केली की फुफ्फुसात तयार होणारा द्रव आतच साठतो आणि त्याच्या ताणाने फुफ्फुस वाढते, ही त्यामागची कल्पना आहे. 34 व्या आठवड्याच्या सुमारास फुगा काढतात. 2021 च्या ज्या निष्कर्षांचा मी उल्लेख केला, ते याच उपचाराचे होते. तीव्र गटात फुगा बसवलेल्या बाळांपैकी 40 टक्के वाचली, न बसवलेल्यांपैकी 15 टक्के. मध्यम गटात 63 विरुद्ध 50 टक्के असा फरक दिसला, पण तो योगायोगाचाही असू शकतो, इतका तो लहान होता. शिवाय पाणमोट वेळेआधी फुटण्याचे प्रमाण फुग्यामुळे बरेच वाढते. तीव्र गटात ते 47 टक्के होते, तर फुगा न बसवलेल्यांत 11 टक्के. फुगा बसवल्यापासून काढेपर्यंत तो कोणत्याही क्षणी काढू शकणाऱ्या केंद्राजवळच मुक्काम करावा लागतो. यकृत खाली असलेल्या मध्यम गटातल्या बाळासाठी मी स्वतः त्याचा आग्रह धरणार नाही.

गणिती_मन (छत्रपती संभाजीनगर)

तिसऱ्या डॉक्टरांविषयी अजून कोणी लिहिले नाही. त्यांनी आकडा नाकारला, तो कदाचित सगळ्यांत प्रामाणिक प्रतिसाद असेल. जन्मानंतरच्या भाकिताच्याही पद्धती आहेत ना?

नवजात_कक्ष (लातूर)

आहेत, आणि बहुतेक वेळा त्या जन्माआधीच्या आकड्याहून अधिक उपयोगी ठरतात. सर्वांत साधी पद्धत पहिल्या 24 तासांतल्या रक्तातील वायूंवर आधारलेली आहे : रक्तातला ऑक्सिजन सर्वाधिक किती चढला, त्यातून सर्वाधिक कार्बन डायऑक्साइड वजा करायचा. हे बाळाचे फुफ्फुस प्रत्यक्ष काय काम करते, त्याचे मोजमाप आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीत जन्माचे फार कमी वजन, पाचव्या मिनिटाचा अपगार गुणांक (बाळाचा श्वास, ठोके, रंग वगैरे पाहून दिलेले गुण), फुफ्फुसातला तीव्र रक्तदाब, हृदयाचा मोठा दोष आणि गुणसूत्रांचा दोष यांना गुण दिले जातात.

या दुसऱ्या पद्धतीतली एक बाब आपल्या भागासाठी मला फार महत्त्वाची वाटते. अपगारची नोंदच नसेल, तर तीसुद्धा धोक्याची खूण मानली जाते. जिथे ही पद्धत बनली, तिथे नोंद राहून जाणे म्हणजे बाळ इतके अत्यवस्थ की लिहायला उसंत मिळाली नाही, असा अर्थ निघत असावा. आपल्याकडे मात्र बाळ उत्तम असूनही कागदावर पाचव्या मिनिटाचा रकाना कोरा राहतो, किंवा सवयीने तोच तो आकडा भरलेला असतो. मग दुसऱ्या देशातले गणित इथे जसेच्या तसे लावून आम्ही कोणत्या बाळाविषयी बोलत असतो? आमच्या विभागात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक बाळाबरोबरच्या चिठ्ठीत मी आधी तो रकाना पाहतो. कितीतरी वेळा चिठ्ठीत केवळ ‘पुढील उपचारांसाठी’ एवढेच लिहिलेले असते.

मन्याड (नांदेड)

बाळंतपण कुठे करावे, हा प्रश्न उरतोच. नांदेड-हिंगोलीकडच्या लोकांना मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ पडते, पण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते आणि कुठे बसते, हे आरोग्यमित्राकडून आधी लेखी विचारून घ्यावे. दवाखाना निवडताना एकाच इमारतीत प्रसूतिकक्ष, नवजात अतिदक्षता आणि बालशल्यचिकित्सक आहेत का, हे पाहावे. शस्त्रक्रिया उत्तम, पण प्रसूती दुसरीकडे आणि मध्ये ॲम्ब्युलन्स, अशी सोय अशा बाळासाठी सोय नव्हे.

कयाधूकाठ (हिंगोली)

दहा आठवड्यांनी परत लिहीत आहे. आपण सर्वांनी दिलेला वेळ मी विसरणार नाही.

मन्याड यांचा प्रतिसाद मी त्याच रात्री भावजयीला वाचून दाखवला. ती म्हणाली, “मला सगळं सांगा, पण सगळ्यांनी मिळून नको, एकानं सांगा.” तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे. बाळाच्या हृदयाची तपासणी आणि गुणसूत्रांची चाचणी दोन्ही व्यवस्थित आल्या. बाळ ठेवायचे, हे तिने आणि भावाने ठरवले. दुसऱ्या डॉक्टरांकडे मी पुन्हा गेले आणि ‘दहापैकी सात, म्हणजे ती बाळे जन्मली कुठे’ असे विचारले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि बहुतेक बाहेर जन्मून आलेली होती, असे सांगितले. त्यांनीच मग आम्हाला सर्व सोयी एका छताखाली असलेल्या दवाखान्याच्या नावाने चिठ्ठी दिली. तिथे गेल्या आठवड्यात 32 व्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. आकडा 36 आला आहे. भावाने पेढे आणले. बाळ मध्यम गटातून सौम्य गटात गेले, असे आम्ही समजावे का?

नवजात_कक्ष (लातूर)

ताई, पेढे जरूर खा, पण तसे समजू नका. वेगळ्या व्यक्तीने, वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या पद्धतीने रेघ आखून मोजले, तर एवढा फरक बाळात काहीही न बदलता पडू शकतो. 35 ही रेषा आम्ही कागदावर ओढलेली आहे, बाळाच्या छातीत ती नाही. आकडा घसरला नाही आणि यकृत अजून खालीच असेल, तर ही चांगली बातमी आहे, तेवढीच घ्यावी. केवळ हर्नियामुळे सिझेरियन लागत नाही, हेही तिथल्या डॉक्टरांकडून पक्के करून घ्या. आणि जन्मानंतर ‘ऑपरेशन कधी’ हा प्रश्न पहिले दोन-तीन दिवस कोणी विचारणार नाही, हे घरात आताच सांगून ठेवा.

तेरणेची_लेक (धाराशिव)

बाळ घरी आल्यावर ऐकण्याची तपासणी चुकवू नका. माझ्या मुलाची पहिली तपासणी नीट आली होती, दोष दुसऱ्या वर्षी लक्षात आला. दूध उलटणे आणि वजन न वाढणे यांनीही पहिले वर्ष आमचा जीव काढला होता. आईचे दूध काढून साठवण्याची सवय पहिल्या दिवसापासून ठेवावी, कारण सुरुवातीला ते नळीनेच द्यावे लागते.

कयाधूकाठ (हिंगोली)

लिहून घेतले. 36 वा आठवडा लागण्याआधी आम्ही दवाखान्याजवळ खोली घेऊन राहायला जात आहोत. सर्व अहवालांच्या तीन प्रती काढल्या आहेत : एक भावजयीच्या पिशवीत, एक भावाकडे आणि एक माझ्याकडे. कळा अचानक इथेच सुरू झाल्या तर काय करायचे, म्हणून चौथी प्रत इथल्या प्रसूतिकक्षातल्या सिस्टरकडे नेऊन दिली. ‘मास्कने श्वास देऊ नये, थेट नळी घालावी’ असे त्या प्रतीच्या पहिल्या पानावर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून लाल शाईने लिहून घेतले आहे.